शंभराला नऊशे

आमचे हे पैजा घेतात. लावत नाहीत, घेतात. या दोन शब्दांतला फरक मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळला आणि आमच्या गावाला अजून कळलेला नाही. म्हणून तर आमच्या घरावर स्लॅब पडला आणि गावातल्या निम्म्या घरांवर अजून पत्रे आहेत.

नाव काशीराम. गाव काशीशेठ म्हणतं. शेठ कसले, रत्नागिरीपासून एसटीने पाऊण तासावर आमची खाडी, खाडीच्या धक्क्यावर ह्यांचं बर्फाचं आणि डिझेलचं दुकान. ते झालं चारचौघांत सांगायचं काम. खरं काम वर्षातून तीनदा. नारळी पौर्णिमेची होड्यांची शर्यत, शिमग्यानंतरचे क्रिकेटचे सामने, आणि आली तर ग्रामपंचायतीची निवडणूक. सरकारच्या कायद्यात हे काही बसत नाही, तेव्हा मी तुम्हाला काही सांगितलं नाही आणि तुम्ही काही ऐकलं नाही.

लग्नाआधी हे पोफळीला मामाकडे राहून एका ठेकेदाराची हजेरी लिहायचे. संध्याकाळी सगळी माणसं एका चहाच्या टपरीमागे पत्ते कुटत बसायची. ह्यांनी म्हणे सहा महिने नुसतं बघितलं. आज हा जिंकला, उद्या तो जिंकला, महिनाअखेर सगळे कडके. आणि टपरीवाला, जो एक पान हातात धरत नव्हता, तो मात्र प्रत्येक डावातले दोन रुपये बाजूला काढून काढून मोटारसायकल घेऊन आला. कुणाला झाडाखाली ज्ञान होतं, आमच्या ह्यांना टपरीमागे झालं. तेव्हापासून या माणसाने कधी कुणाची बाजू घेतली नाही. पत्त्यात नाही, निवडणुकीत नाही, आणि माझ्या नि सासूबाईंच्या भांडणात तर नाहीच नाही. मी रडत गेले तर म्हणायचे तुझंही बरोबर, आणि तिकडे आईला जाऊन म्हणायचे तुझंही बरोबर.

मी रत्नागिरीला दवाखान्यात कळा सोसत होते तेव्हा हे बाजारात गेले आणि अर्धा किलो पेढे नि अर्धा किलो बर्फी अशी दोन खोकी घेऊन आले. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. नर्सबाई हसून हसून खुर्चीत बसली. मुलगी झाली, बर्फी वाटली, आणि संध्याकाळी हा माणूस पेढ्यांचं न उघडलेलं खोकं दुकानात परत देऊन पैसे घेऊन आला. दहा रुपये कमी मिळाले म्हणून चेहरा पाडून बसले होते, तोही माझ्या खाटेशेजारी. ती मुलगी म्हणजे आमची शमिका.

एकदा मी विचारलं, अहो, तुम्हाला कसं कळतं हो कोण जिंकणार ते? तर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी बर्फ कुठल्या झाडाला लागतो ते विचारलं. म्हणाले, मला कशाला कळायला हवं? मग जमिनीवर दोन नारळ ठेवून मला शिकवायला बसले. समजा दोन होड्या, दोन्ही सारख्या तगड्या. सरळ बघायला गेलं तर शंभर लावणाऱ्याला जिंकल्यावर दोनशे मिळायला हवेत. हे देणार एकशेऐंशी. एकाने या होडीवर शंभर लावले, दुसऱ्याने त्या होडीवर शंभर लावले. ह्यांच्या हातात आले दोनशे. होडी कुठलीही जिंको, एकशेऐंशी देऊन टाकायचे, वीस घरात. जिंकणारा ऐंशी कमावले म्हणून नाचतो, हरणारा जिंकणाऱ्याला शिव्या देतो. त्या वीस रुपयांकडे कुणाचं लक्षच नसतं.

होड्या दोन नसून चार असल्या तरी गोष्ट तीच, फक्त आकडेमोड जास्त. आणि एकाच होडीवर सगळे तुटून पडले तर? तर तिचा भाव उतरवायचा, बाकीच्यांचा चढवायचा, म्हणजे पुढचं गिऱ्हाईक आपोआप दुसरीकडे वळतं. तरीही तोल जुळला नाही तर जादाचा भार लांज्याला. तिथे एक काजूवाले शेठ आहेत, ह्यांच्याच पंथातले. ह्यांच्याकडे एका बाजूला फार झालं की हे तीच बाजू शेठकडे लावून मोकळे होतात, आणि शेठकडे फार झालं की ते ह्यांच्याकडे. म्हणजे बघा, भाव होडीचा नसतोच मुळी. भाव असतो लोकांच्या पैशाचा. पैसे जिकडे जास्त तिकडे भाव कमी, पैसे जिकडे नाहीत तिकडे भाव आभाळाला. कोण दमदार नि कोण मरतुकडा, ते देवाला आणि खाडीला ठाऊक.

आता यात आमच्या गावाचा मोठेपणा असा की तोल जुळवायला ह्यांना फार कष्टच पडत नाहीत. गावात वाड्या चार. वरची, मधली, खालची आणि बंदरवाडी. प्रत्येक वाडीची एक होडी. वरच्या वाडीचा माणूस मेला तरी मधल्या वाडीच्या होडीवर दमडी लावणार नाही. होडीला भोक असलं तरी आपली ती आपली. त्यामुळे चारही बाजूंना पैसे आपसूक येतात आणि आमचे हे मधोमध बर्फाच्या लाद्या फोडत उभे. वर आणखी एक शहाणपण. भाव उतरला की शहाण्या माणसाने हात आखडावा, कारण जिंकून कमी मिळणार. आमचे लोक छाती फुगवतात. ‘आमचा भाव उतरला’ म्हणजे आमची होडी भारी, असं समजून नाक्यावर वडापाव वाटतात आणि आणखी पैसे आणून देतात. कमी पैसे मिळणार म्हणून आनंद साजरा करणारं असं गाव तुम्हाला दुसरीकडे मिळायचं नाही.

यंदा मात्र घोळ झाला तो आमच्याच वाडीत. आम्ही खालच्या वाडीचे. वाडीतले निम्मे तरणे मुंबईला, निम्मे जहाजावर. शर्यतीला पंधरा दिवस उरले आणि होडी वल्हवायला सहा माणसं जमेनात. मंडळाने नाव कापायची तयारी केली. तेव्हा शमिका मंडळाच्या बैठकीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, होडी आहे, वल्ही आहेत, आम्ही सहा बाया वल्हवतो. बैठक हसली. मग कुणीतरी नियमांची वही काढली, त्यात बाया नकोत असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. लिहायची गरज पडेल असं कुणाला सुचलं नसणार.

शमिका एकवीस वर्षांची. कॉलेजला रत्नागिरीला जाते, पण ओहोटी सकाळची असली की कॉलेज बुडवून गोदूबाईबरोबर होडी वल्हवत पलीकडच्या वाळूच्या भाटीवर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला जाते. गोदूबाई म्हणजे आमच्या वाडीतली साठीची म्हातारी, जिचा नवरा गेल्यापासून तिचं घर त्या भाटीवर चालतं. पाणी कुठे ओढतं नि कुठे गप्प बसतं ते तिला खाडीकडे पाठ करून सांगता येतं. बाकीच्या चौघीही तिसऱ्या-कालवं काढणाऱ्याच, त्यात एक अक्षया, शमिकाच्या वर्गातली. शर्यतीत उतरणार म्हणून मी काळजीने बोलले तर गोदूबाई मला म्हणाली, ‘‘मैने, ह्या बापयांनी वल्हं हातात धरून वीस वर्सं झाली. मशीन सुरू करायला काय जोर लागतो?’’ मला पटलं. गावातल्या एकाही पुरुषाला ते सुचलं नव्हतं.

चार दिवसांनी संध्याकाळी हे पडवीत वही घेऊन बसले होते. शमिका समोर येऊन उभी राहिली आणि विचारलं, आमचा भाव काय काढलात? हे बर्फाचा दर सांगावा तशा आवाजात म्हणाले, ‘‘शंभराला नऊशे.’’ वरच्या वाडीला शंभराला तीनशे, मधलीला तीनशे, बंदरवाडीला तीनशे, आणि पोटच्या पोरीच्या होडीला नऊशे. या गावात चढा भाव म्हणजे काय ते लहान पोरालाही माहीत आहे. ज्याला कुणी विचारत नाही त्याचा भाव तो.

तिने वाकून वहीतला आकडा बघितला. मग म्हणाली, ‘‘बाबा, तुम्हाला काय वाटतं? आम्ही जिंकू?’’

‘‘मला वाटून काय उपयोग,’’ हे म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला लागले.

तिने पर्समधून पाचशेची नोट काढून वहीवर आपटली आणि म्हणाली, लिहा. ह्यांनी लिहिली. शमिका, खालची वाडी, पाचशे, शंभराला नऊशे. पावती हवी का विचारलं नाही एवढंच नशीब. त्या दिवसापासून ती बापाशी अक्षर बोलली नाही. शर्यतीला अकरा दिवस होते. एका घरात, एका ताटाच्या अंतरावर जेवायला बसून अकरा दिवस. तिला पैसे नको होते हो. बापाने एकदा तोंड उघडून जिंकशील म्हणावं, एवढीच तिची मागणी होती, आणि तेवढंच या माणसाकडे नव्हतं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. जेवताना मी ह्यांना चांगलं झापलं. म्हटलं, अहो, ती पोर आहे तुमची. तर मला समजावायला लागले की आपल्या वाडीतले पुरुषसुद्धा लाजेने हात खिशात घालून बसलेत, पैसेच येत नाहीत तर भाव चढाच राहणार, यात माझं काय चुकलं? चुकलं काहीच नव्हतं. ह्यांचं कधीच काही चुकत नाही, तेच तर माझं दुःख आहे.

पैसे मात्र बाकी तीन वाड्यांवर धो धो आले. मुंबईची मंडळी गावात उतरली तशी वरच्या वाडीचा भाव तीनशेवरून अडीचशेवर आला. वरच्या वाडीच्या होडीचा तांडेल धाकू, शर्यतीत सगळ्यात मोठा आवाज असलेला माणूस, त्याने भाव उतरला म्हणून वडापाव वाटले. ते बघून मधल्या वाडीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, त्यांनी जिद्दीने पैसे ओतले, त्यांचाही भाव अडीचशेवर आला, तेही खूश. बंदरवाडी तीनशेवरच राहिली आणि तोंड पाडून बसली. आमच्या होडीवर शमिकाचे पाचशे आणि टिंगल म्हणून काही टवाळांनी लावलेले हजार. ह्यांनी वहीत बेरीज मारली. एक लाख साडेतेरा हजार जमा. वरची किंवा मधली जिंकली तर एक लाख द्यायचे, बंदरवाडी जिंकली तर त्याहून थोडे कमी. म्हणजे कुणीही जिंकलं तरी तेरा हजार कुठे जात नव्हते. आणि बाया जिंकल्या तर द्यायचे फक्त साडेतेरा हजार, उरलेला लाख घरात.

आता मागल्या दाराची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पुरुषांच्या पैजा पुढे पडवीत घेतल्या जातात आणि बायकांच्या मागल्या दारी माझ्याकडे. मी लग्न होऊन आले त्या वर्षी ह्यांनीच सांगितलं होतं, बायकांचं तू बघ, ते पाच-दहा रुपये माझ्या वहीत नकोत. भाव ह्यांचाच, पण पैसे आणि चिठ्ठ्या माझ्या शेवयांच्या डब्यात. दरवर्षी मिळून दोनशे-तीनशे जमायचे. कुणी दहा रुपये लावायची, कुणी एक नारळ. जिंकलेल्या बाईला मीच तांदळाच्या पैशातून देऊन टाकत असे. ह्यांनी बावीस वर्षांत एकदाही त्या डब्यात डोकावून बघितलं नाही.

यंदा शर्यतीच्या आधीच्या शनिवारी दुपारी मागल्या दारी पहिली आली ती बंदरवाडीची एक मासळीवाली. पाचशे रुपये. कुणावर म्हणून विचारलं तर म्हणाली, बायांच्या होडीवर. मग मधल्या वाडीतल्या दोघी. मग बचत गटाची अख्खी बैठक. दोनशे, तीनशे, पाचशे. ज्या वाड्यांचे पुरुष एकमेकांच्या विहिरीचं पाणी पीत नाहीत, त्या वाड्यांच्या बाया एका रांगेत माझ्या परसात, एकाच होडीवर पैसे घेऊन उभ्या. मी म्हटलं, बायांनो, घरी विचारलंत का? तर म्हणाल्या, ते तरी कुठे आम्हाला विचारून लावतात. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस चिठ्ठ्या झाल्या. शेवटची माझी, हजाराची. मैना काशीराम, खालची वाडी.

मी ह्यांना सांगितलं नाही असं नाही हं. बरोबर एकदा सांगितलं. टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. म्हटलं, अहो, यंदा बायकांचं जरा जास्त झालंय, बघून घेता का? टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, ते तुझं तू बघ. दुसऱ्यांदा सांगायची माझ्यावर सक्ती नव्हती, आणि पोरीचा उतरलेला चेहरा रोज माझ्यासमोर होता. मी डब्याचं झाकण लावलं.

नारळी पौर्णिमेला दुपारी खाडीची पूजा झाली, सोनेरी कागदाचा नारळ पाण्यात सोडला, आणि चार होड्या धक्क्याला लागल्या. धक्क्यापासून भाटीवर रोवलेल्या झेंड्याला वळसा घालून परत यायचं. ओहोटी नुकतीच लागली होती. शिट्टी झाली तशा तिन्ही वाड्यांच्या होड्या खाडीच्या मधोमध सुसाट सुटल्या, कारण रोज मशीन लावून ते मधूनच जातात. धाकू पुढे बसून ओरडत होता, त्याचा आवाज पलीकडच्या गावात गेला असेल. आमची होडी मात्र काठाकाठाने निघाली. धक्क्यावर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, बाया तिसऱ्या काढायला चालल्या.

झेंड्यापर्यंत आमची होडी शेवटची होती. वळसा घेतल्यावर मात्र मधल्या तिघांना समोरून ओढ लागली. ओहोटीचं पाणी मधोमध समुद्राकडे धावत होतं आणि या तिघांना यायचं होतं उलटं, धक्क्याकडे. आठ दिवसांच्या सरावाचे दंड दहा मिनिटांत ढिले पडले. बंदरवाडीचा एक गडी तर वल्हं आडवं टाकून कंबर धरून बसला. आणि गोदूबाईने आमची होडी भाटीच्या कडेने घातली, जिथे पाणी गप्प असतं, जिथून ती गेली वीस वर्षं टोपलीभर तिसऱ्या घेऊन परत येते. सहा वल्ही एकाच वेळी पाण्यात, एकाच वेळी वर. कुणी ओरडत नव्हतं. धक्क्याला लागल्या तेव्हा धाकूची होडी तीन होड्यांच्या अंतरावर मागे होती आणि धाकूचा आवाज बंद होता.

गर्दीत मी ह्यांना शोधलं. हे बर्फाच्या लादीला टेकून उभे होते, तोंडावर काही नाही. शमिकाने होडीतून उतरताना बापाकडे बघितलं. हे वळले आणि दुकानात गेले. तेव्हा मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हटलं, थांबा, आज दाखवते.

संध्याकाळी हे पडवीत वही उघडून बसले. लाख रुपये उरल्यावर माणूस जेवढा हसतो तेवढेही हसले नव्हते, पण चहा दोनदा मागितला. धाकू आला होता, ओहोटी कशी अन्यायाने लागली ते समजावून सांगायला. मी शेवयांचा डबा आणून वहीवर ठेवला आणि झाकण काढलं.

ह्यांनी एक चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली. मग सगळ्या काढून ओळीने मांडल्या. डब्यात जमा साडेतेरा हजार, शंभराला नऊशे. म्हणजे एक लाख साडेएकवीस हजार बायकांना द्यायचे. वर वहीतून शमिकाला नि टवाळांना द्यायचे साडेतेरा हजार वेगळे. डबा नि वही दोन्ही रिकामे केले तरी आठ हजार घरातून घालावे लागणार होते. तीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा ह्यांच्या बेरजेपुढे वजाचं चिन्ह आलं. मी समोर उभी राहिले होते.

धाकू पुढे सरसावला. म्हणाला, काशीशेठ, यात काय एवढं, मागल्या दारच्या पैजा त्या, वहीत नाहीत, बायकांची गंमत ती, प्रत्येकीला एक ब्लाउजपीस द्या नि विषय मिटवा. सगळं गाव हेच म्हणालं असतं. आणि इकडे चाळीस बायांनी माझ्या शब्दावर पैसे दिले होते.

ह्यांनी चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या आणि म्हणाले, ‘‘पैसे घेतलेत ना? मग पैज झाली.’’ मग वरची चिठ्ठी धाकूच्या हातात दिली. त्याच्या बायकोची होती, पाचशेची. धाकूने ती दोनदा वाचली, खिशात घातली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे बँकेत जाऊन आले आणि सगळ्या बायांना पुढल्या पडवीत बोलावून, खुर्चीवर बसवून, मोजून पैसे दिले. मलाही दिले. नऊ हजार. नवऱ्याच्या हातून इतके पैसे मला संसारात पहिल्यांदा मिळाले, तेही त्याला हरवून.

शमिका रांगेत आली, साडेचार हजार घेतले, मोजले, आणि न बोलता आत गेली. जिंकली होती पण तोंड हरल्यासारखं. हे वही बंद करून दुकानात निघून गेले. मी मनात म्हटलं, हा माणूस देणं चोख देतो आणि त्यापलीकडे ह्याच्याजवळ काही नाही.

दुपारी ह्यांचा फोन घरीच राहिला होता, तो वाजला. लांज्याचे काजूवाले शेठ. मला म्हणाले, वहिनी, काशीरामचे वीस हजार तयार आहेत, कधी येतोय? मी विचारलं, कसले वीस हजार? तर म्हणाले, त्या बायांच्या होडीवर त्याने माझ्याकडे दोन हजार लावले होते ना, मी शंभराला हजार दिला होता.

मी म्हटलं, झालं. इथेही तोल. बायकांच्या पैशाचा वास लागला असणार आणि गुपचूप भार पुढे ढकलला. मग सहज विचारलं, शेठ, कधी लावले? म्हणाले, गुरुवारी.

शनिवारच्या आधीचा गुरुवार. मागल्या दारी पहिली बाई यायच्या दोन दिवस आधी. त्या दिवशी बायांच्या होडीवर ह्यांच्याकडे दीड हजार होते फक्त. तोल कसला जुळवायचा होता? शेठ पुढे बोलतच होते. ते म्हणाले, ‘‘मी त्याला विचारलं, त्या बाजूला फार झालंय का रे? म्हणाला, काहीच नाही. मी म्हटलं, मग वेड लागलंय का? तर फोन ठेवून दिला.’’

शमिका दारात उभी राहून ऐकत होती. तिला मी सांगायची गरज नव्हती, ती बुकीची मुलगी आहे. ज्या होडीवर आपल्याच वहीत लाखाचा नफा ठरलेला आहे, त्याच होडीवर वर आणखी स्वतःच्या खिशातले दोन हजार कोण लावतो? वेडा लावतो. नाहीतर बाप लावतो. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडली, आणि मीही रडले, आणि दोघींना एकदमच त्या माणसाचा असा राग आला की काय सांगू.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी दारातच धरलं. म्हटलं, एवढं वाटत होतं तर त्या दिवशी पोरीला तोंडाने बोलला का नाहीत? अकरा दिवस तिला जाळलंत.

हे चप्पल काढत होते. म्हणाले, ‘‘बोललो असतो तर नऊशे लिहिता आले नसते. भाव पडला असता. तिच्या पाचशेचे हजारसुद्धा झाले नसते.’’

मी आत जाऊन चहा ठेवला. शमिका बाहेर आली, बापाच्या समोर त्याच जागी उभी राहिली आणि बारा दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, ‘‘बाबा, पुढच्या वर्षी आमचा भाव काय?’’

ह्यांनी पेन्सिल घेतली नाही, वही उघडली नाही. तिच्याकडे बघून म्हणाले, ‘‘शंभराला एकशेदहा.’’

आमच्या गावात इतका कमी भाव आजवर कुठल्या होडीला मिळालेला नाही. पोरगी तशीच अनवाणी धावत गोदूबाईला सांगायला गेली. गोदूबाईने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. शंभराला दहा रुपयांसाठी कोण वल्हं मारणार म्हणून ती म्हातारी अजून आमच्या ह्यांच्यावर डूख धरून आहे.